परमुलखातील कोल्हापूर

हुपरीहून कोल्हापुरास जाणाऱ्या वाचकांनी टाउन हॉल आणि नवा राजवाडा या वास्तू पुष्कळदा पाहिल्या असतील. त्यांचे आराखडे करणारे मेजर चार्ल्स मँट यांनी कोल्हापूरसाठी आणखी एक वास्तू रेखाटली. ती मात्र इटलीत, फ्लॉरेन्स येथे आहे. रोममध्ये शिकत असताना ती पाहण्याचा योग आम्हांस आला.

छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडची यात्रा आटोपून परतत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये निवर्तले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कास्चिने उद्यानाच्या टोकाशी, त्यांच्या देहास अग्नी देण्यात आला. आम्हां कॅथलिकांना दहनाची मुभा मिळाली ती १९६३ साली. त्याच्या ९३ वर्षे आधी एका इटालियन शहराने हा विधी होऊ दिला, हे विसरता येत नाही. १८७४ साली तेथे मँट यांची छत्री उभी राहिली. आत फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडविलेला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे.

ही वकिलात नव्हे. परंतु वकिलात बांधताना जो पेच पडतो, तोच येथे आहे. परक्या शहरात आपण कोण, हे कोणत्या आकाराने सांगावे? मँट यांनी घुमट आणि नक्षीचा आधार घेतला. आमच्या मते तेथेच त्यांचा हात सैल पडला. पंचगंगेच्या काठावरील राजघराण्याच्या समाध्या दगडी, भारदस्त, अबोल आहेत. ही छत्री नटलेली आहे आणि राजपुतान्याची अधिक वाटते. हुपरीतील एका वृद्ध चांदी कारागिरास आम्ही तिचे छायाचित्र दाखविले. पैंजणाची कडी जुळवताना ते म्हणाले, ''महाराज आपलेच, फादर. पण छत्री कुणाची म्हणायची?''

असाच संशय लंडनच्या इंडिया हाउसविषयी येतो. हर्बर्ट बेकर यांची ही इमारत १९३० साली खुली झाली. आत भारतीय चित्रकारांची भित्तिचित्रे आहेत, जाळ्या आहेत. पण सांगाडा लंडनच्या सरकारी कचेरीचा. दागिने आपले, देह त्यांचा! उलट अमेरिकेने १९५९ साली दिल्लीत वकिलात उघडली, तेव्हा एडवर्ड स्टोन यांनी आपली जाळी उचलली ती शोभेपुरती नव्हे. ती काचेच्या भिंतीबाहेर उभी राहून ऊन अडविते, आणि आतल्या चौकात पाणी आहे. पाहुण्याने यजमानाचा उन्हाळा ओळखला, ही साधी गोष्ट नाही.

चार्ल्स कोरिया (मृत्यू २०१५) यांचे दादरचे साळवेशन चर्च आमच्या अनेक वाचकांच्या परिचयाचे आहे. न्यूयॉर्कमधील राष्ट्रसंघातील भारताच्या कायम प्रतिनिधींचे कार्यालय त्यांचेच. जागा अरुंद, म्हणून इमारत उंच. कचेरीच्या वर कर्मचाऱ्यांची घरे. कळस नाही, छत्री नाही. माथ्यावर मात्र मोठा उघडा सज्जा आहे. गगनचुंबी इमारतींच्या त्या दाटीत आभाळासाठी जागा सोडणे, एवढेच भारतीयत्व कोरिया यांनी पुरेसे मानले. आम्हांस ते सर्वांत पटते.

मग फ्लॉरेन्सची छत्री फसली म्हणावी काय? तसे म्हणवत नाही. तिची नक्षी उसनी असली तरी जागा खरी आहे. नदीकाठच्या संस्थानाचा राजा नदीकाठीच राहिला. जवळच १९७८ साली पूर्ण झालेल्या पुलाला फ्लॉरेन्सकर 'इंडियानोचा', म्हणजे त्या हिंदी माणसाचा, पूल म्हणतात. कोल्हापूर हे नाव त्यात नाही. माणूस मात्र आहे.

कारागिराने छायाचित्र परत देण्यापूर्वी पुन्हा एकदा उजेडात धरले. छत्रीविषयी ते काही बोलले नाहीत. ''उन्हाळ्यात त्या नदीला पाणी असतं का?'' एवढेच विचारले.