चर्चासत्री समीक्षा

दलित आत्मकथनांवरील एका राष्ट्रीय चर्चासत्राचा ग्रंथ माझ्या टेबलावर आहे. ६२ निबंध, सव्वातीनशे पाने, मागच्या पुठ्ठ्यावर आयएसबीएन क्रमांक. त्यातला एक निबंध माझा आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवून लिहितो आहे असे वाटू नये. ग्रंथ हाती आला तेव्हा इतरांप्रमाणे मीही आपले नाव नीट छापले आहे की नाही तेवढे पाहून तो कपाटात टाकला होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो बाहेर काढला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. ६२ लेखकांपैकी आणखी कुणी असे केले असेल असे मला वाटत नाही.

वाचून मन विषण्ण झाले. प्रत्येक निबंधाला तोच सांगाडा : प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, अभ्यासपद्धती, विवेचन, निष्कर्ष. 'बलुतं' असो, 'उपरा' असो की 'जिणं आमुचं', प्रत्येक पुस्तक त्याच साच्यात कोंबलेले. एकट्या 'बलुतं'वर ११ निबंध आहेत आणि अकराही निबंधांचा पहिला निष्कर्ष एकच : या आत्मकथनातून दलितांच्या वेदनेचे वास्तव चित्रण आले आहे. माझ्या निबंधात तर हेच वाक्य आरंभी गृहीतक म्हणून आहे आणि शेवटी निष्कर्ष म्हणून आहे. मग मधल्या पाच पानांनी केले काय?

१९७८ साली 'बलुतं' आले तेव्हा पांढरपेशा वाचक तर हादरलाच, पण आपल्यातल्याही अनेकांना ते सोसले नाही. घरातली लक्तरे वेशीवर टांगली असा आरोप झाला. त्यावर भांडणे झाली. ते भांडण म्हणजेच समीक्षा होती. कारण भांडणाऱ्या प्रत्येकाचे त्या पुस्तकात काहीतरी अडकलेले होते. या ११ निबंधांत भांडण औषधालाही नाही. सगळे एकमताने सहमत आहेत. सहमत कशाशी, हे मात्र कुणीच सांगत नाही.

एक उदाहरण देतो. 'बलुतं'ची रचना अशी आहे की दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. दोघे एकच. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, कविता छापून आलेल्या माणसाला त्याचाच जुना देह भेटायला येतो आणि बोलू लागतो. हा निव्वळ निवेदनाचा प्रकार आहे काय? मी घरातला पहिला पदवीधर. वर्गात उभा राहून बोलताना माझ्या आत दुसरा कुणीतरी गप्प बसलेला असतो, हे मला रोज कळते. 'बलुतं'मध्ये तो गप्प बसलेला बोलतो आणि शिकलेला ऐकतो. सुशिक्षित दलिताच्या दुभंगाविषयी यापेक्षा धारदार विधान मराठी गद्यात क्वचितच झाले असेल. तो दुभंग भरून निघतो का? ऐकणारा दया पवार दगडूला न्याय देतो, की त्याला शब्दांत बांधून मोकळा होतो? हे प्रश्न मला विद्यार्थी असल्यापासून छळतात. तरीही माझ्या निबंधात त्यांतला एकही नाही. साच्यात त्यांना खण नव्हता आणि बोलायला मिनिटे सात होती.

सात म्हणजे प्रत्यक्षात साडेचार. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार आणि बीजभाषण यांत दुपार झाली होती. (दलित साहित्याच्या चर्चासत्राला दीपप्रज्वलन लागतेच का, हा प्रश्न मी शेजारच्या प्राध्यापकांना विचारला. ते म्हणाले, "शांत बसा, जेवण आहे.") माझ्या गटात १४ जण होते. श्रोतेही तेच १४. प्रत्येकाचे लक्ष आपल्या क्रमांकाकडे. घंटा वाजली, मी थांबलो, अध्यक्षांनी 'मौलिक विवेचन' म्हटले, पुढचे नाव पुकारले. चार वाजता प्रमाणपत्रांच्या टेबलाशी रांग लागली.

रात्री एस. टी. ने आजऱ्याला पोचलो. बाप जागा होता. घनसाळ तांदळाने आजऱ्याचे नाव लांबवर गेले आहे, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. माझ्या बापाचे आयुष्य तो तांदूळ दुसऱ्याच्या वावरात लावण्यात गेले. त्याने विचारले, "काय बोललास रं तिथं?" मी सांगितले, एका पुस्तकावर बोललो. "आन् ऐकलं कुणी?" मी प्रमाणपत्र दाखवले. त्याने ते उजेडाकडे धरून पाहिले आणि जपून परत दिले.

आता या प्रकाराचा उगम पाहू. अध्यापकांच्या अभ्यासासाठी सरकारी पैसा यावा ही कल्पना मुळात चांगलीच होती. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ साली स्थापन झाला, १९५६ च्या कायद्याने त्याला वैधानिक रूप आले. पंचवार्षिक योजनांमधून महाविद्यालयांना ग्रंथालये, लघुसंशोधन प्रकल्प, चर्चासत्रे यांसाठी पैसा मिळू लागला. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर अध्यापकांच्या उजळणी वर्गांसाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. माझ्यासारख्याच्या घरात पुस्तकांचे कपाट नसते. त्याला हे सारे हवेच होते. मग २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीला गुणांक जोडला : राष्ट्रीय चर्चासत्रात निबंध वाचला की साडेसात गुण, आंतरराष्ट्रीय असेल तर दहा. त्या वर्षांत तालुक्यातालुक्याला आंतरराष्ट्रीय चर्चासत्रे कशी भरू लागली, हे सांगण्याची गरज नाही. २०१८ च्या नियमांनी हे गुण उतरवले, राष्ट्रीयचे तीन झाले. पण लागलेली सवय उतरली नाही.

त्याआधी २०१७ साली आणखी एक गोष्ट घडली होती आणि तिच्याकडे आपल्या लोकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. बारावी पंचवार्षिक योजना संपली, तेरावी आलीच नाही. योजनेच्या पाटाने महाविद्यालयांकडे येणारा चर्चासत्रांचा आणि लघुसंशोधनाचा पैसा आटला. म्हणजे अनुदान गेले आणि अट राहिली. मग खर्च कुणी करायचा? ज्याला अट लागू आहे त्याने. नोंदणी शुल्क बाराशे, ग्रंथात निबंध छापायचा तर आठशे वेगळे. मला पगार आहे, मी भरले. पण माझ्या आधीची सहा वर्षे मी तासिका तत्त्वावर होतो आणि माझ्या जागी आज दुसरे कुणी आहेत. तासाला पैसे, सुट्टीला शून्य, ते पैसेही सहा-सहा महिन्यांनी. त्यांना ना कर्तव्यरजा, ना प्रवासभत्ता. मुलाखतीच्या दारात उभे राहायचे तर फाईल जाड हवी, म्हणून हे लोक उसने घेऊन निबंध वाचतात. या ग्रंथातले निम्म्याहून अधिक निबंध अशांचे असावेत. नावाखालचे पद वाचले की कळते. त्यांच्या लेखनाला मी साचेबंद म्हणतो तेव्हा हेही म्हटले पाहिजे की विद्यमान व्यवस्थेने त्यांच्याकडून दुसरे काही मागितलेलेच नाही.

कुणी म्हणेल, मग ही अनुदाने नकोतच, आपली चळवळ वर्गणीवर वाढली. खरे आहे. २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, अण्णा भाऊ साठ्यांनी उद्घाटन केले. तिथे कुणी गुणांसाठी आले नव्हते. पण वर्गणीचा हा गौरव ऐकून मला भीती वाटते. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात बाबासाहेब प्राध्यापक झाले. अध्यापकांच्या खोलीतल्या माठाचे पाणी त्यांनी पिऊ नये असा आक्षेप तिथल्या काही सहकाऱ्यांनी घेतला. त्यांचे लंडनचे शिक्षण अपुरे होते. ते पुरे करण्यासाठी त्यांनी पगारातून पैसा साठवला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. त्यांना जमले म्हणून प्रत्येक दलित अध्यापकाने एक महाराज आणि एक मित्र शोधत फिरावे काय? मिलिंद महाविद्यालयाचे म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी त्यांनी इथल्या तरुणांची गाठ घालून दिली. एका अध्यापकाला दूर जाऊन निवांत वाचायला मिळाले तर काय होते, त्याचा हा दाखला आहे. सार्वजनिक पैसा हवा तो यासाठी. आपण त्यावरचा हक्क सोडता कामा नये. सोडायचा तो साचा.

आजऱ्याहून शेजारच्या तालुक्यात मी शिकवायला जातो. येत्या वर्षी दलित साहित्यावर एक चर्चासत्र घ्यावे असे तिथे ठरते आहे आणि प्रस्ताव लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी कच्चा मसुदा केला : एकच पुस्तक, 'बलुतं'. दोन दिवस. दहा जण, दहाही जणांनी ते पुस्तक पुन्हा वाचून यायचे. त्यांतले पाच तासिका तत्त्वावरचे, त्यांचे येणे-जाणे आणि दोन दिवसांचे मानधन आयोजकांनी द्यायचे. नोंदणी शुल्क नाही. ग्रंथ नाही. संध्याकाळी गावातल्या बुद्धविहारात, ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासमोर त्यातली पाने मोठ्याने वाचायची आणि त्यांचे ऐकायचे.

मसुदा मी तासिका तत्त्वावरच्या एका सहकाऱ्याला दाखवला. चांगला वाचणारा माणूस आहे, ढसाळांची 'गोलपिठा' त्याला पाठ आहे. त्याने दोनदा वाचला, पुस्तकाची निवड आवडली म्हणाला. मग कागदाची घडी करत विचारले,

"सर, यात प्रमाणपत्र मिळणार का?"

त्याची मुलाखत जूनमध्ये आहे. मी मसुद्यात ती एक ओळ घातली आहे.