अंधारातली पत्रे

मदर तेरेसा यांच्या खाजगी पत्रांचे 'कम बी माय लाइट' हे पुस्तक २००७ साली, त्यांच्या निधनास दहा वर्षे झाली तेव्हा, प्रसिद्ध झाले. त्या वेळी वृत्तपत्रांतून जो गदारोळ उठला त्याच्या भरात आम्ही ते विकत घेतले आणि चार-दोन पाने चाळून कपाटात ठेवून दिले. गेल्या पावसाळ्यात ते पुन्हा बाहेर काढले. मधल्या काळात आमच्या घरातले एक माणूस कमी झाले होते. तिन्हीसांजेला देवापुढे बसून म्हणावयाची स्तोत्रे ओठांवर येत, परंतु आत कोठे पोहोचत नसत. अशा मनःस्थितीत वाचलेल्या पुस्तकाविषयी अगदी तटस्थपणे लिहिता येणार नाही, एवढी सूट वाचकांनी द्यावी.

पुस्तकातली हकीकत थोडक्यात अशी. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जात असताना लोरेटो संघाच्या या शिक्षिकेला गरिबांतल्या गरिबांची सेवा करण्याची हाक ऐकू आली. पुढले काही महिने ख्रिस्ताशी जणू समोरासमोर संभाषण चालले होते. आर्चबिशपांनी बराच काळ थांबविले, अखेर १९४८ साली परवानगी मिळाली, त्या एकट्या कलकत्त्याच्या वस्त्यांत उतरल्या. आणि ज्याच्या शब्दावर घर सोडले तो नेमका त्याच सुमारास गप्प झाला. प्रार्थना कोरडी, देवालय कोरडे, देव आहे की नाही हाच प्रश्न. १९५८ च्या ऑक्टोबरात, बारावे पायस या पोपांच्या मृत्यूनंतरच्या प्रार्थनेच्या वेळी, हा अंधार अकस्मात फिटला व काही आठवड्यांनी पुन्हा दाटला. त्यानंतर १९९७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, तो गेला नाही. १९७९ च्या सप्टेंबरात एका परिचित धर्मगुरूंना त्या आपल्या वाट्यास आलेल्या शांततेविषयी आणि रितेपणाविषयी लिहितात. डिसेंबरात ओस्लो येथे नोबेल पारितोषिक स्वीकारताना त्याच बाई ख्रिस्ताविषयी अशा बोलतात की ऐकणाऱ्यास वाटावे, तो यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आहे.

ख्रिस्तोफर हिचन्स यांच्यासारख्या नास्तिक टीकाकारांनी या विसंगतीवर नेमके बोट ठेवले: बाईंची श्रद्धा केव्हाच संपली होती, त्यांना ती कबूल करता येत नव्हती, इतकेच. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण श्रद्धा ज्याची संपली तो चाळीस वर्षे भल्या पहाटे उठून त्याच रिकाम्या जागेपुढे गुडघे टेकीत नाही. सरकारी नोकरीत आम्ही विश्वास उडालेली माणसे पुष्कळ पाहिली. ती सही करतात, पण साहेबाला रोज पत्र लिहून तुम्ही बोलत का नाही असे विचारीत नाहीत.

आमचा आक्षेप निराळा आहे, आणि तो संपादकांवर आहे. फादर ब्रायन कोलोदीयचुक हे मदर तेरेसांना संतपद मिळावे म्हणून रोमपुढे बाजू मांडणारे अधिकारी होते. पत्रे जमविण्याचे त्यांचे कष्ट मोठे आहेत यात शंका नाही. परंतु पत्र संपते न संपते तोच त्यांचे निवेदन सुरू होते आणि अंधाराचा अर्थ लावून मोकळे होते. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी आत्म्याच्या 'अंधाऱ्या रात्री'ची जी मांडणी केली तीत रात्र ही वाट आहे, पलीकडे पहाट आहे. मदर तेरेसांची रात्र तशी सरत नाही. मग संपादक सांगतात की हा अंधार शुद्धीसाठी नव्हताच, तो गरिबांच्या दुःखातला वाटा होता. असेलही. पण वाचकाला त्या पानावर क्षणभर निरुत्तर बसू द्यावे, एवढे धैर्य निवेदनात हवे होते. पत्रे तेवढी धीट आहेत. तुटक वाक्ये, पूर्णविरामाच्या जागी आडव्या रेघा, मातृभाषा अल्बेनियन असलेल्या बाईंचे साधे इंग्रजी. शैली म्हणून तिची तारीफ कोणी करणार नाही, पण खोटा शब्द एकही वाटत नाही.

पुस्तकाचा गाभा आम्हांस सापडला तो फादर जोसेफ नॉयनर यांच्या प्रकरणात. हे ऑस्ट्रियन जेझुइट पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात धर्मशास्त्र शिकवीत. १९६१ च्या सुमारास मदर तेरेसांनी त्यांच्यापुढे मन उघडे केले. नॉयनर यांनी उपाय सांगितला नाही. या दुखण्यावर मानवी उपाय नाही, तुमचा काही दोष घडला म्हणून हे झाले असे मानू नका, असे ते म्हणाले. देवाचे अस्तित्व जाणवणे हा त्याच्या असण्याचा एकमेव पुरावा नव्हे. ज्याची इतकी तहान लागते तो तुमच्या आयुष्यातून गेलेला नसतो. ती तहान हीच त्याची खूण. आणि हा काळोख तुमच्या कामाचाच भाग आहे. यानंतर पत्रांचा सूर बदलतो. काळोख तसाच राहतो, त्याच्याशी चाललेले भांडण थांबते.

मराठी वाचकाला येथे तुकोबा आठवल्यावाचून राहणार नाहीत. नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या सेतूवरूनच ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, तेव्हा ही आठवण ख्रिस्ती मराठी माणसालाही परकी नाही. विठ्ठल भेटत नाही म्हणून तुकोबांनी केलेला आकांत, आपल्यापुरता देव उरलाच नाही असे म्हणण्यापर्यंत गेलेला त्यांचा संताप आपण लहानपणापासून ऐकत आलो. जनाबाई तर विठोबाला सरळ शिव्या घालते. पण फरक पाहा. आपल्याकडे हा कोरडेपणा टाळमृदंगावर चारचौघांत गायिला गेला, रडणाऱ्याच्या मागे धरणारे टाळकरी उभे राहिले. मदर तेरेसांचे रडणे बंद पाकिटातून दोन-चार धर्मगुरूंकडे गेले, आणि बरोबरच्या भगिनींना दिसले ते फक्त हसू. तुकोबांच्या गाथेत भेटीचे, तृप्तीचे अभंगही आहेत. या पुस्तकात, ते थोडे आठवडे वगळले तर, भेट नाही. म्हणून चिकाटीचा प्रश्न येथे अधिक उघडा पडतो: काही मिळत नसताना माणूस टिकतो कशावर? १९४२ साली त्यांनी देवाला काहीही नाकारणार नाही असे खाजगी व्रत घेतले होते. आमच्या वाचनात त्या टिकल्या त्या या दिलेल्या शब्दावर आणि सकाळी दाराशी येणाऱ्या रोग्यांवर, भावनेवर नव्हे.

ही पत्रे नष्ट करावीत अशी मदर तेरेसांची वारंवार विनंती होती. ज्यांच्याकडे ती होती त्यांनी ती मानली नाही. लोकांनी ख्रिस्ताऐवजी आपल्याकडे पाहू नये, हे त्यांचे कारण योग्यच होते. आम्ही नोकरीत नस्त्या नष्ट करण्याच्या आदेशांवर कितीदा सह्या केल्या असतील, आणि आदेश मोडणाऱ्याची गय केलेली नाही. या एका बाबतीत मात्र त्या धर्मगुरूंच्या जागी असतो तर आमच्या हातूनही ते कागद जळले नसते. पुस्तक सध्या देवघराशेजारच्या फडताळात आहे. स्तोत्रे अजून ओठांवरच आहेत. पण तिन्हीसांजेला बसणे चुकलेले नाही.