शब्दाचा विनोद, देहाचा विनोद: 'डक सूप' (१९३३)

शाब्दिक विनोदाला बुद्धी लागते आणि शारीरिक विनोद म्हणजे नुसती पडापड, असा समज सर्रास आढळतो. मार्क्स बंधूंचा 'डक सूप' त्या कसोटीवर पाहू.

१. शब्द
ग्राउचो हा फ्रीडोनिया या काल्पनिक देशाचा प्रमुख. श्रीमंत मिसेस टीसडेलला तो एकाच दमात लग्नाची गळ घालतो आणि तिचा अपमानही करतो. वाक्य गोड सुरू होते आणि शेवटच्या शब्दाशी उलटते. ही भूमिका करणारी मार्गारेट ड्यूमाँट गंभीरच राहते, म्हणून टोला बसतो. पण यातले बरेच विनोद इंग्रजी श्लेषावर उभे आहेत; सबटायटल वाचून अर्थ कळतो, श्लेष मात्र निसटतो.

२. देह
आता आरशाचा प्रसंग पाहा. शत्रूचा हेर हार्पो ग्राउचोचे सोंग घेऊन घरात शिरतो. पळताना आरसा फुटतो. समोर ग्राउचो येताच हार्पो त्याचे प्रतिबिंब बनतो. संवाद नाही, संगीतही नाही.

संशय आलेला ग्राउचो प्रयोगशाळेत घ्याव्यात तशा एकेक चाचण्या घेतो. तो गिरकी घेतो. हार्पो जागचा हलत नाही, फक्त शेवटची मुद्रा जुळवतो. पुढे दोघे एकमेकांना वळसा घालून जागा बदलतात. आरसा नाही हे आता उघड आहे, तरी खेळ चालूच! हार्पोची टोपी पडते आणि ग्राउचोच ती उचलून देतो. चाचणी घेणाराच खोट्या नियमाला सामील होतो.

३. निष्कर्ष
ही युक्ती नवी नव्हती. मॅक्स लिंडरने १९२१ मध्येच ती पडद्यावर आणली होती. दिग्दर्शक लिओ मॅककेरीही मूकपटांतूनच आलेला. पण इथे पडापडीपेक्षा तर्क मोठा आहे. दोन्ही विनोद आधी अपेक्षा बांधतात. शब्द ती क्षणात मोडतो. देह ती ताणत नेतो आणि तपासायला आपल्याला वेळ देतो. म्हणूनच माझ्या मते चित्रपटातला सर्वांत बुद्धिमान प्रसंग हा बिनशब्दांचा आहे. तो समजायला इंग्रजी चांगले असावे लागत नाही.

स्वाध्याय: दोन्ही प्रसंग आवाज बंद करून पाहा. कशात काय उरते, ते पाच ओळींत लिहा.