‘वि.’चा विस्तार

मराठी पत्राच्या डोक्यावर वर्षानुवर्षं ‘स. न. वि. वि.’ लिहिलं जायचं. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. यातले दोन ‘वि.’ शेजारी उभे आहेत, दिसायला जुळे आहेत आणि अर्थाने परके. पहिला विनंती, दुसरा विशेष. तरी पत्र वाचताना कुणी अडखळल्याचं ऐकिवात नाही. संक्षेपाचं सगळं बळ इथेच आहे. अक्षर फार थोडं सांगतं, बाकीचं वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. त्यामुळे कुठलाही संक्षेप वाचताना एक प्रश्न विचारायला हवा: हा कुणाला ठाऊक असेल असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय?

पुस्तकांच्या कपाटासमोर उभं राहून हा प्रश्न विचारला की मजा येते. वि. स. खांडेकरांचा ‘वि.’ विष्णु, वि. ल. भाव्यांचा विनायक, वि. रा. शिंद्यांचा विठ्ठल, वि. का. राजवाड्यांचा विश्वनाथ. वि. वा. शिरवाडकर म्हणजे विष्णु वामन, तर वा. वि. मिराशी म्हणजे वासुदेव विष्णु. तीच दोन अक्षरं उलटी, आणि ‘वा.’ मात्र भलताच. कपाटापासून दूर, गावात गेलं की अर्थ आणखी बदलतात. सोसायटीच्या पाटीवरचा ‘वि. का.’ राजवाड्यांचा नसतो, तो विविध कार्यकारी असतो. सरकारी पत्रातल्या ‘वि. स. स.’मध्ये खांडेकर नसतात, विधानसभा सदस्य असतात. कोर्टात ‘वि.’ म्हणजे विरुद्ध, शब्दकोशात विशेषण. कुठेही घोटाळा होत नाही, कारण जागा अर्थ सांगते.

पण जागा सगळ्यांना सारखी मिळत नाही. मराठी साहित्यात नावाचं आद्याक्षर होणं हा मान होता. पु. ल., व. पु., गदिमा ही नावं नुसत्या अक्षरांवर चालतात, कारण उरलेलं नाव वाचक स्वतः पुरवतो. आता लेखिकांकडे पाहा. दुर्गा भागवत, इरावती कर्वे, कमल देसाई, गौरी देशपांडे. सगळी पूर्ण नावं. ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 साली आलं ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. ‘वि. शिरूरकर’ असं छापलं असतं तर वाचकांनी ते पुरुषाचंच पुस्तक धरलं असतं. बाईच्या वाट्याला आलेला संक्षेप नावाच्या आतला नसायचा, तो नावाच्या आधी बसायचा: कु., सौ., गं. भा. ही अक्षरं तिच्याबद्दल काही सांगत नाहीत. सांगतात ते एवढंच की नवरा अजून व्हायचा आहे, आहे की गेला.

म्हणजे संक्षेप दोन प्रकारचे. एक माणूस इतका माहितीचा आहे म्हणून केलेला, दुसरा माणसाची वर्गवारी पुरेशी आहे म्हणून केलेला. पहिल्यात जवळीक असते, दुसऱ्यात रकाना.

या दुसऱ्या प्रकारातला सर्वांत जड ‘वि.’ महाराष्ट्रातल्या प्रवेश अर्जांवर सापडतो: ‘वि. जा. (अ)’. शासन निर्णयांच्या भाषेत तर टिंबंही गळतात आणि ‘विजाभज, इमाव व विमाप्र’ अशी ओळ तयार होते. इथेही दोन ‘वि’ आहेत, त्या जुन्या पत्रातल्यासारखेच. ‘विमाप्र’मधला विशेष, विशेष मागास प्रवर्गातला. ‘विजाभज’मधला विमुक्त. विमुक्त जाती, भटक्या जमाती.

विमुक्त कशातून? हा प्रश्न पूर्ण शब्द वाचल्यावर आपोआप पडतो, ‘वि.’ वाचून पडत नाही. ब्रिटिश सरकारने 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो देशभर पसरवला. त्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. नोंदणी, हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायला बंदी. अनेकांना कुंपणाआडच्या वसाहतींत कोंडलं गेलं. सोलापुरात त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. स्वातंत्र्य मिळालं 1947 साली, हा कायदा गेला 31 ऑगस्ट 1952 रोजी. मधली पाच वर्षं देश स्वतंत्र होता आणि हे लोक नव्हते. रामोशी, वडार, कैकाडी, बंजारा यांच्यासह 14 जाती राज्याच्या या यादीत आहेत. त्यांना 3 टक्के आरक्षण आहे. एवढा सगळा इतिहास ‘विमुक्त’ या एका विशेषणात भरलेला आहे, आणि आपण विशेषणच कापून टाकलं.

कुणी म्हणेल, अर्जाचा रकाना अरुंद असतो, तिथे इतिहास कसा लिहिणार? बरोबर आहे. ‘स. न. वि. वि.’सुद्धा कागद आणि वेळ वाचवायलाच आलं. फरक असा की पत्र लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही विस्तार येत होता. ‘वि. जा.’वर खूण करणाऱ्या मुलीला तो कुणी सांगितलेला नसतो, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनालाही. दोन्ही बाजूंना विस्तार माहीत नसला की संक्षेपाचा शिक्का होतो. नोंदवहीतला जुना शिक्का पुसायला आलेला शब्द नवा शिक्का होऊन बसला, ही यातली खरी बोच.

साहित्याने इथे उलटं काम केलं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 साली आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ 1987 साली. दोन्ही नावं समाजाने माणसावर मारलेले शिक्केच आहेत. लेखकांनी ती लपवली नाहीत, आखूडही केली नाहीत. मुखपृष्ठावर अख्खी छापली आणि आतल्या पानांत त्यांचा विस्तार केला: भूक, पोलीस, शाळा, बिऱ्हाड. लेखकांची नावंही पूर्णच आहेत. त्यावरून नियम करता येणार नाही, कारण प्र. ई. सोनकांबळे आणि ज. वि. पवार हेही आपलेच लेखक. पण एवढं म्हणता येईल की ज्यांना रकान्यात कोंबलं गेलं, त्यांच्या लेखनाची पहिली गरज लांबीची होती.

म्हणून संक्षेपांवर बंदी नको. मागणी छोटी आहे: अर्जाच्या तळाशी एका ओळीत ‘वि.’ पूर्ण लिहावा, आणि शाळेत विष्णु सखाराम पाठ करून घेताना विमुक्तही सांगावा. परीक्षेला दोन्ही येऊ द्यावेत.