धूसर माणूस जवळ येताना

सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये एक प्रतिमा मुद्दाम अस्पष्ट ठेवलेली आहे. उन्हाने थरथरणाऱ्या वाळवंटातून एक मानवाकृती आपल्या दिशेने चालत येते. तिला चेहरा नाही, वय नाही. नुसता एक कापरा डाग. चार्ल्स ब्रॉन्सनने रंगवलेल्या अनाम नायकाला सगळे त्याच्या वाद्यावरून हार्मोनिका म्हणतात. त्याची नजर शत्रूवर स्थिरावली की हा डाग पडद्यावर उमटतो आणि ओळख पटण्याआधीच विरून जातो. १९६८ चा हा चित्रपट पॅरामाउंटने २०२४ मध्ये रिस्टोअर करून फोर-के डिस्कवर आणला, आणि ती प्रत पाहताना माझे मन सर्वांत जास्त रेंगाळले ते या डागापाशी. भोवतालचे सगळे आता लख्ख झाले आहे. लांब कोटांवरची धूळ मोजून घ्यावी इतकी स्वच्छ दिसते, आणि त्या लखलखाटात ही एकच गोष्ट हट्टाने धूसर राहते. एरवीच्या सूडकथा कोणाला मारायचे आणि का मारायचे हे दोन्ही पहिल्या रिळातच उरकून घेतात. लिओने ते ‘का’ अडीच तास आपल्या डोळ्यांसमोर धरून ठेवतो, फक्त फोकसच्या बाहेर.

अशा चित्रपटाकडे आपण घाईने गेलो तर हाती काही लागत नाही, हे तो आरंभीच बजावतो. ओसाड माळावरचे लाकडी स्टेशन, लांब धुळकट कोट घातलेले तीन बंदूकवाले, आणि यायची असलेली एक गाडी. जवळजवळ दहा मिनिटे यापलीकडे काहीही घडत नाही, आणि तरीही आपण खुर्चीच्या कडेवर सरकलेले असतो. टाकीतून ठिबकणारा थेंब वुडी स्ट्रोडच्या तुळतुळीत डोक्यावर पडतो. तो हलत नाही; शांतपणे टोपी चढवतो, आणि मग त्याच थेंबाचा स्वर बदलून टोपीवर टप्प टप्प वाजू लागतो. जॅक इलमच्या दाढीच्या खुंटांवर एक माशी बसते, ओठांवर येते, उडते, पुन्हा येते. शेवटी तो तिला पिस्तुलाच्या नळीत कोंडतो आणि नळी कानाशी धरून तिची गुणगुण ऐकत बसतो. तिसरा, आल म्युलॉक, एकेक बोट मोडतो. या सगळ्यावर वंगणावाचून कण्हणाऱ्या पवनचक्कीचे कर्कश आवर्तन अखंड चालू असते. एन्यो मॉरिकोनेसारखा संगीतकार हाताशी असताना दिग्दर्शक इथे एकही वाद्य वाजू देत नाही. थेंब, माशी, सांधे आणि लोखंड यांच्याकडूनच तो आपली मैफल उभी करून घेतो. विलंबित ख्यालात गवई सम लांबवत नेतो आणि आपण तिची वाट पाहण्यातच रंगून जातो, तसे इथे होते. गाडी येते, एक गाठोडे फलाटावर पडते, गाडी सुटते. तिघे पाठ फिरवतात, आणि तेवढ्यात रुळांच्या पलीकडून माउथ ऑर्गनचा तो जखमी स्वर उठतो. चित्रपटातले पहिले संगीत नायकाच्या ओठांतून येते, आणि ते संगीत म्हणजे त्याचे सगळे चरित्र आहे, हे आपल्याला फार उशिरा कळते.

हा स्वर नीट ऐकण्यासारखा आहे. वाजवला आहे फ्रांको दे जेमिनी या वादकाने, पण त्यात वादकाची सफाई शोधू नये. ही धून गायल्यासारखी नाही, घुसमटल्यासारखी आहे. श्वास आत ओढताना आणि बाहेर टाकताना दोन्हीकडे काहीतरी ठेचाळते. मॉरिकोनेने चित्रपटाच्या प्रमुख धून चित्रीकरणाआधीच रचल्या होत्या आणि लिओने त्या सेटवर वाजवत असे. म्हणूनच नट इथे नुसते चालत नाहीत, लयीत चालतात, आणि कॅमेरासुद्धा कुठे थांबायचे ते तालावरून ठरवतो असे वाटते. चौघांना चार धून आहेत. ब्रॉन्सनची ही घुसमट, तिच्या अंगावर येणारी खलनायक फ्रँकची विजेच्या गिटारची कर्कश ललकारी, जेसन रोबार्ड्सच्या शायनला बॅन्जोची डुलत चालणारी मिश्कील चाल, आणि क्लॉडिया कार्डिनालेच्या जिलला एड्डा देल्लोर्सोचा शब्दांविना आभाळभर पसरणारा आवाज.

मग येते मॅकबेन कुटुंबाच्या शेतावरची दुपार. अंगणात मेजांवर चौकड्यांचे कापड अंथरले आहे, पाहुणचाराची तयारी चालली आहे, रातकिडे किरकिरताहेत. आणि ते एकदम थांबतात. बस, एवढेच. ऐकू येणारी एक गोष्ट ऐकू येईनाशी होते आणि बाप मान वर करतो. मग किडे पुन्हा सुरू होतात, आपण श्वास सोडतो, आणि पुन्हा शांतता. मुलगी उडत्या पाखरांकडे पाहून हसते, आणि त्या हसण्यातच गोळी येते. घरातून धावत बाहेर आलेल्या धाकट्या मुलासमोर झुडपांतून पाच जण चालत येतात. कॅमेरा म्होरक्या फ्रँकच्या पाठीमागून हळूहळू वळसा घालतो आणि त्याचा चेहरा आपल्याला दाखवतो: हेन्री फोंडा! १९३९ मध्ये तरुण लिंकन झालेला, ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मधला तो सच्चा, सोशिक माणूस. खलनायक शोभावे म्हणून फोंडा मिशा वाढवून आणि डोळ्यांत तपकिरी भिंगे घालून सेटवर आला होता. लिओनेने दोन्ही काढायला लावले. त्याला ते निळे डोळेच हवे होते, ज्यांच्यावर अमेरिकेने तीन दशके विश्वास टाकला होता. नव्या प्रतीत हा निळा रंग इतका निर्मळ उतरला आहे की त्याची भीती वाटते. फ्रँक मुलाकडे पाहून मंद हसतो, पिस्तूल उचलतो, आणि गोळीचा आवाज पूर्ण होण्याआधीच त्यातून आगगाडीची कर्णभेदी शिट्टी फुटते. एका कटमध्ये खून आणि त्या खुनामागचा हेतू एकमेकांना चिकटवलेले आहेत, कारण हे सगळे रक्त रेल्वेच्या वाटेवरच्या जमिनीसाठी सांडले आहे. ठाकूरच्या अंगणातले हत्याकांड ज्यांनी ‘शोले’त पाहिले आहे त्यांच्या पोटात इथे ओळखीची कळ उठेल, जयच्या माउथ ऑर्गनचा एकाकी सूरही कानात जागा होईल. हे नाते जुने आहे आणि ‘शोले’ला त्याने काही उणेपणा येत नाही.

त्याच गाडीने जिल येते, जिच्यासाठी मॅकबेनच्या अंगणात ती तयारी चालली होती. क्लॉडिया कार्डिनालेची ही न्यू ऑर्लिन्सची स्त्री फलाटावर उभी आहे, आणायला कोणी आलेले नाही. आणणारे सगळे मेले आहेत हे आपल्याला माहीत आहे, तिला नाही. ती स्टेशनच्या कचेरीत शिरते. कॅमेरा तिच्या मागे आत जात नाही, सभ्यपणे खिडकीबाहेर थांबून ती रस्ता विचारते आहे तेवढे पाहतो. ती पलीकडच्या दाराने बाहेर पडते तशी क्रेन भिंतीवरून, छपरावरून वर वर चढू लागते, एड्डाचा आवाज तिच्याबरोबर चढतो, आणि छपराची कड ओलांडताच समोर सगळे गाव उलगडते: घोडागाड्या, अर्धी बांधलेली घरे, धूळ, माणसांची लगबग. एका बाईच्या एकटेपणातून एका देशाचा जन्म दिसावा, तोही एका शब्दावाचून, हे भाग्य सिनेमालाच लाभते. पुरुषांच्या या वैरकथेत शेवटी उरते ती जिलच, रेल्वेच्या मजुरांना पाणी पाजणारी. आणि त्याचा पहिला पुरावा या एका शॉटमध्ये आहे.

सगळेच इतके भरीव नाही. मॅकबेनच्या शेताच्या लिलावाच्या आगेमागचा भाग मला अजूनही सैल वाटतो, कोण कोणाला कशासाठी विकतो आहे याचा धागा हातून निसटतो. आणि फ्रँक व जिलचा शय्याप्रसंग आज पाहताना अवघडायला होते. पण त्याच टापूत अस्थिक्षयाने खंगलेला रेल्वेमालक मॉर्टन आहे. डब्याच्या भिंतीवरचे समुद्राचे चित्र पाहत प्रशांत महासागरापर्यंत रूळ नेण्याचे स्वप्न बाळगणारा हा माणूस एका डबक्याकडे सरपटत मरतो, आणि त्याच्या कानात लाटा गाजतात. एवढ्या एका मरणासाठी सैलपणाचे सगळे हप्ते मी आनंदाने भरतो.

छायालेखक तोनिनो देल्ली कोल्ली यांनी हे टेक्निस्कोपमध्ये टिपले. या पद्धतीत प्रत्येक चौकटीला फिल्मची चार नव्हे, दोनच छिद्रे लागतात. फिल्म निम्मी वाचते, पट रुंद मिळतो, पण प्रतिमा लहान असल्यामुळे मोठी करताना तिचा दाणा उठून दिसतो. ही काटकसर लिओनेने वैभवात बदलली. रुंद पडदा इतरांनी डोंगरदऱ्यांसाठी वापरला. याने त्यावर डोळे आडवे पसरले आणि चेहऱ्यांना मॉन्युमेंट व्हॅलीच्या कड्यांइतके पुरातन करून टाकले. ब्रॉन्सनच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या वाचता येणे, हा या डिस्कचा खरा उपकार. तो दाणा मात्र काही ठिकाणी जरा जास्तच घासून काढल्यासारखा वाटतो. थोडी खरखर राहू दिली असती तर मला अधिक आवडले असते.

आणि मग ते द्वंद्व. दोघे गोल फिरतात, उभे राहतात, कॅमेरा ब्रॉन्सनच्या डोळ्यांत शिरत शिरत जातो, आणि तो वाळवंटातला डाग आता थांबत नाही. तो चालत राहतो, कडा धरतो, चेहरा धारण करतो. तरुण फ्रँक, हसरा, हातात माउथ ऑर्गन. तो वाद्य एका मुलाच्या दातांत कोंबतो. कॅमेरा मागे सरतो: मुलाच्या खांद्यांवर त्याचा थोरला भाऊ उभा आहे, त्याच्या गळ्यात फास आहे, आणि फास बांधला आहे वाळवंटात एकट्या उभ्या असलेल्या विटांच्या कमानीला. मुलाचे गुडघे जोवर टिकतील तोवर भावाचा श्वास. इतका वेळ आपण ज्याला संगीत समजत होतो ते त्या पोराचे धापा टाकणे होते. गोळीचा क्षण यानंतर निमिषात संपतो, आणि संपायलाच हवा. मरता मरता फ्रँक विचारतो, तू कोण. उत्तरादाखल तेच वाद्य त्याच्या दातांत जाते, आणि त्या निळ्या डोळ्यांत ओळख उमटते. इतका वेळ सुडाला हवे होते ते फक्त हे, मारण्यापेक्षा ओळखले जाणे. ब्रॉन्सनच्या चेहऱ्यावर समाधानाची रेषही उमटत नाही, आणि गोळीच्या कसबाहून मला ती कोरी मुद्रा मोठी वाटते.

अमेरिकेत १९६९ मध्ये हा चित्रपट कापून दाखवला गेला आणि पडला. फ्रान्समध्ये मात्र त्याची सुमारे दीड कोटी तिकिटे खपली, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला जागा मिळाली. डिस्क मिळाली तर आपण एवढेच करावे: ध्वनीसाठी मूळ मोनो पट्टी निवडावी, १६५ मिनिटे सलग मोकळी ठेवावीत, आणि सुरुवातीची श्रेयनामावली पुढे पळवण्यासाठी रिमोटला हात लावू नये.