'निन्ची' म्हणजे काय मोजलं?

आज थोडी टीका करायची आहे ती प्रगत जपानी शिकणाऱ्यांच्या शब्दयाद्यांवर. 'निन्ची केन्सू' या शब्दापुढे तिथे 'गुन्ह्यांची संख्या' लिहिलेलं असतं आणि 'केन्क्यो'पुढे 'अटक'. पाठ करायला सोपं आहे. पण दोन्ही अर्थ फसवे आहेत.

'निन्ची' म्हणजे जाणणं, बोध होणं. म्हणून 'निन्ची केन्सू' ही पोलिसांना कळलेल्या गुन्ह्यांची संख्या. जे घडलं पण त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही, त्याला 'अन्सू' असा वेगळा शब्द आहे. शब्दशः 'अंधारातली संख्या'. 'केन्क्यो' म्हणजे संशयित निश्चित करून प्रकरणाचा छडा लावणं. ते अटकेशिवायही होतं. अटकेला 'ताइहो' म्हणतात. वस्तू असणं आणि ती कळणं वेगळं, हे आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवतो. इथे तो भेद तक्त्याच्या मथळ्यातच आहे, आणि शब्दयादी नेमका तोच पुसून टाकते.

याने बिघडतं काय? आकडे बघा. जपानात दंडसंहितेखालचे ज्ञात गुन्हे २००२ साली सुमारे २८.५ लाख होते. हा युद्धोत्तर उच्चांक. २०२१ साली ते सुमारे ५.७ लाखांवर आले. पण २००२ पर्यंतची वाढ सगळी गुन्ह्यांचीच होती का?

१९९९ साली ओकेगावा इथे एका तरुणीचा खून झाला. छळाविरुद्ध तिने आधीच पोलिसांत 'कोकुसो' दिली होती. कोकुसो म्हणजे 'शिक्षा करा' अशी रीतसर मागणी. ती घेतली की तपास करून कागद सरकारी वकिलाकडे पाठवावेच लागतात. पोलिसांनी जबाबातला तो शब्द बदलून 'तोदोकेदे', म्हणजे नुसती खबर, असा केला. पुढे तीन पोलिसांना त्यासाठी न्यायालयाने दोषी ठरवलं. या प्रकरणानंतर पोलीस तक्रारी अधिक घेऊ लागले आणि नोंदी वाढल्या. म्हणजे वाढीचा काही भाग गुन्ह्यांचा नव्हे, 'कळण्याचा' होता.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. एनसी लिहून घेतली की एफआयआर, यात किती अंतर असतं ते पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्याला विचारा.

तेव्हा असा शब्द वहीत उतरवताना अर्थाशेजारी दोन प्रश्न लिहा: हे मोजलं कोणी? आणि मोजणीबाहेर कोण राहिलं? परीक्षेत याला गुण मिळणार नाहीत कदाचित. पण जपानी वर्तमानपत्र वाचताना फसणार नाही.