जुनं इंजिन, नवं इंजिन: प्रतिकृती कशाची?

टेबलावरची ही दोन खेळण्यातली इंजिनं पाहा. जुन्यात स्पिरिटचा दिवा पेटतो, पाणी उकळतं, वाफ दट्ट्या ढकलते. नव्यात बॅटरी, शिट्टी आणि धूर निव्वळ सजावट. दिसायला नवं सरस, हे मान्यच. पण प्रतिकृती कशाची? रूपाची, की कार्यकारणाची?

आपली बार्शी लाइट रेल्वे आठवा. १८९७ साली कॅलथ्रॉप यांनी अडीच फुटी मार्गावर प्रत्येक आसावर पाचच टन भार ठेवला, म्हणून हलक्या रुळांवरून भरपूर माल जाऊ शकला. १९११ मध्ये ती लातूरला पोचली. आता तिथं ब्रॉडगेज आहे. नातवंडांना ती छोटी गाडी प्रतिकृतीतूनच भेटणार. म्हणून त्यांना जुनं इंजिन द्या, शेजारी बसा. 'कसं दिसतं' यापेक्षा 'का चालतं' हे त्यांना कळू द्या.